सीमा कोणाला बांधते?

माल घरपोच देणारा कोणताही धंदा, मग तो किराण्याचा असो, औषधांचा असो की दुधाचा, आज नकाशावर एक आकृती काढून सुरू होतो. दुकान किंवा गोदाम मध्ये धरायचे, भोवती रेघ मारायची, आतल्या घरांची ऑर्डर घ्यायची आणि बाहेरच्यांना ‘आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही’ असे कळवायचे. या आकृतीला झोन म्हणतात. झोन ठरला की ऑर्डरी त्याप्रमाणे विभागल्या जातात, कोणती फेरी कोणी करायची ते ठरते आणि फेरीतल्या थांब्यांचा क्रम लागतो. हे काम व्यवस्थापनाचे, फार तर गणिताचे मानले जाते. माझे म्हणणे असे की त्याच्या मुळाशी कर्तव्य-अकर्तव्याचा एक जुना प्रश्न आहे. कुठवर जायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवताना माणूस स्वतःला काहीतरी घालून घेतो आणि दुसऱ्यावरही काहीतरी लादतो. सीमेची योग्यता या दोहोंच्या हिशेबावर ठरते. आखणाऱ्यालाच जी बांधते ती सीमा न्याय्य असू शकते. जिचा सगळा भार दुसऱ्यावर पडतो ती, कितीही अचूक मोजलेली असली तरी, अन्यायाकडे झुकते. भारतीय विचारात हा भेद फार पूर्वी, आणि तोही व्यापारी गृहस्थाला समोर ठेवून, बारकाईने मांडला गेला आहे. झोनचा विचार त्या मांडणीच्या उजेडात करून पाहण्यासारखा आहे.

आधी रेघ प्रत्यक्षात कशी पडते ते पाहू. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर एखादे दुकान आहे असे धरा. नवखा माणूस तीन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतो. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा त्यात सहज येतात, कारण वर्तुळाला नदी दिसत नाही. गाडीला मात्र मुठा ओलांडायला पूल लागतो. झेड ब्रिजवरून दुचाकी जाते, टेम्पो जात नाही. म्हणजे एकाच दुकानाचा दुचाकीचा झोन वेगळा आणि टेम्पोचा वेगळा. खडकवासला धरणातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो. म्हणजे मे महिन्यात आखलेला झोन जुलैत खोटा पडू शकतो. पलीकडे बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता एकमेकांच्या उलट दिशेने एकेरी आहेत, त्यामुळे जाण्याचे अंतर आणि परतण्याचे अंतर सारखे नसते. म्हणून जाणकार वर्तुळ सोडून देतात आणि ‘दुकानातून निघाल्यावर पंधरा मिनिटांत कुठवर पोहोचता येते’ हे शोधून त्या ठिकाणांना जोडणारा वेडावाकडा बहुभुज काढतात. पुढचे काम संगणकाचे. ग्राहकाचे घर म्हणजे अक्षांश-रेखांशांचा एक बिंदू. त्या बिंदूपासून एका दिशेला सरळ किरण सोडायचा आणि तो बहुभुजाची कड किती वेळा ओलांडतो ते मोजायचे. संख्या विषम आली तर घर आत, सम आली तर बाहेर. एखाद्या वाड्याची पुढची खोली आत आणि मागची बाहेर, असेही या हिशेबात होऊ शकते.

इतका खटाटोप करायचाच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माणसाच्या आणि यंत्राच्या मर्यादेत आहे. 1959 साली जॉर्ज डँटझिग आणि जॉन रॅम्सर यांनी पेट्रोल वाहणाऱ्या ट्रकांचे मार्ग कसे ठरवावेत यावर शोधनिबंध लिहिला. मार्ग-नियोजनाच्या आजच्या शास्त्राची सुरुवात तिथून धरतात. त्यातली अडचण साध्या हिशेबाने कळते. दहा थांबे घ्यायचे असतील तर त्यांचे 36,28,800 क्रम लागू शकतात. पंधरा थांब्यांचे एक लाख कोटींहून अधिक. सगळे तपासून त्यातला उत्तम निवडणे लवकरच अशक्य होते. म्हणून आधी प्रदेशाचे तुकडे करायचे आणि मग एकेका तुकड्यातला मार्ग शोधायचा, ही वाट सर्वत्र वापरली जाते. गाडीत मावणारा माल ठरलेला असतो, दिवसाचे तास ठरलेले असतात आणि गाडी चालवणाऱ्याच्या अंगातली ताकदही ठरलेली असते. तेव्हा सीमा ही कोणाच्या कंजूषपणातून आलेली नाही. ज्याचे हात दोनच आहेत त्याला कुठेतरी थांबावेच लागते. सीमा नकोच, सगळ्यांना सगळे पोहोचवा, ही मागणी ऐकायला उदार वाटते. पण ती पुरी करायची कोणी, हे विचारले की ती जड पिशव्या घेऊन जिने चढणाऱ्याच्या पाठीवर जाऊन पडते.

इथे पहिला आक्षेप येतो. सीमा अटळ असली तरी तिची नेमकी जागा मनमानी असते. तीन किलोमीटर चालतात, तर तीन किलोमीटर आणि एक पाऊल का चालत नाही? आणि ते चालत असेल तर आणखी एक पाऊल का नको? ग्रीक तर्कशास्त्रात हे कोडे मिलेटसच्या युबुलिडीजच्या नावावर सांगितले जाते: धान्याच्या राशीतला एकेक दाणा काढत गेलो तर रास कधी संपते? या कोड्यावरून दोन टोकांचे निष्कर्ष काढले जातात. एक, कोणतीच रेघ समर्थनीय नाही. दोन, सगळ्याच रेघा सारख्याच मनमानी असल्याने कोणत्याही रेघेवर बोट ठेवता येत नाही. दोन्ही चुकीचे आहेत. रेघ या पावलावर की पुढच्या पावलावर, याला सबळ कारण नसेल. पण रेघ कोणत्या कसोटीने काढली याला कारण असते, आणि ते तपासता येते. नदी, पूल, वेळ, गाडीची क्षमता ही कारणे सर्वांना सारखी लागू होतात आणि सर्वांसमोर मांडता येतात. काठावरच्या घराला ती पटली नाहीत तरी समजतात. शिवाय काठ कठोरच असावा असेही नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या पाचव्या भागात लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. सामान्य नियम जिथे तोकडा पडतो तिथे न्यायाने असेच वागावे, असे त्याला सांगायचे आहे. काठावरच्या घराला नकार देण्याऐवजी ‘तासाऐवजी उद्या सकाळी देतो’ असे सांगणारा झोन त्या पट्टीने आखलेला असतो.

आता ज्या मांडणीचा सुरुवातीला उल्लेख केला तिच्याकडे वळू. जैन परंपरेत श्रावकाची, म्हणजे संसारात राहणाऱ्या गृहस्थाची, बारा व्रते आहेत: पाच अणुव्रते, तीन गुणव्रते, चार शिक्षाव्रते. गुणव्रतांतले एक दिग्व्रत. दहा दिशांना आपण कुठवर जाऊ याची हद्द जन्मभरासाठी ठरवायची आणि तिच्यापलीकडे व्यवहार करायचा नाही. या हद्दीच्या आत, ठरावीक काळापुरती, आणखी लहान हद्द घालून घ्यायची ते देशव्रत किंवा देशावकाशिक. त्याची गणना कोणत्या गटात करायची यावर परंपरांत फरक आहे, आशय एकच. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ही हद्द नोंदवायची कशी तेही सांगितले आहे: समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, प्रदेश, किंवा योजनांत मोजलेले अंतर. म्हणजे सीमा खुणेची हवी, मनात ठेवून सोयीप्रमाणे सरकवता येणारी नको. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथावरच्या आपल्या टीकेत आचार्य पूज्यपादांनी या व्रताची दोन फळे सांगितली आहेत. हद्दीबाहेरच्या जीवांची आपल्या हातून हिंसा होत नाही, म्हणून त्या प्रदेशापुरता गृहस्थ महाव्रती साधूसारखा ठरतो. आणि बाहेर फायदा दिसत असूनही मन तिकडे धावत नाही, म्हणून लोभ ओसरतो. ही शिकवण व्यवहारापासून दूरची म्हणावी तर श्वेतांबर आगमांतल्या उपासकदशा या ग्रंथातला आनंद श्रावक पाहावा. वाणिज्यग्रामचा हा धनाढ्य गृहस्थ आपल्या इच्छेला मोजमाप घालताना दूरच्या प्रवासाच्या गाड्या पाचशे आणि मालवाहतुकीच्या गाड्या पाचशे, याहून अधिक नाही, असे व्रत घेतो. ताफा किती आणि तो कुठवर, हा हिशेब या परंपरेत आत्मशुद्धीचा भाग होता.

याहून महत्त्वाची आहे ती व्रतभंगाची यादी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिग्व्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, दिले आहेत. वर, खाली आणि आडवी हद्द ओलांडणे हे तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभापायी ठरलेली हद्द वाढवणे. पाचवा स्मृत्यंतराधान, म्हणजे हद्द काय ठरली होती हेच विसरणे. देशव्रताचे दोष तर डिलिव्हरीच्या धंद्यासमोर ठेवून लिहिले असावेत इतके नेमके आहेत. आनयन, म्हणजे आपण हद्दीत बसून बाहेरची वस्तू मागवून घेणे. प्रेष्यप्रयोग, म्हणजे स्वतः न जाता नोकराला बाहेर पाठवून काम साधणे. शब्दानुपात आणि रूपानुपात, म्हणजे बाहेरच्याला आवाजाने किंवा आपले रूप दाखवून इशारा देणे. पुद्गलक्षेप, म्हणजे खडा वगैरे टाकून लक्ष वेधणे. या यादीमागचा विचार एकच आहे: माध्यम बदलले म्हणून कर्ता बदलत नाही. पाय दुसऱ्याचे असले तरी इच्छा माझी असेल तर कृती माझीच. सीमा पाळल्याचे दाखवत तिचा अर्थ पुसून टाकण्याच्या जितक्या पळवाटा सुचतील तितक्या सूत्रकारांनी एकामागून एक बंद केल्या आहेत.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. श्रावक हद्द घालून घेतो तो नफा सोडण्यासाठी. दुकानदार झोन आखतो तो नफा राखण्यासाठी. हेतूच उलटे असतील तर तुलना कशी टिकावी? हेतूतला फरक मला मान्य आहे. झोन आखणारा व्यापारी व्रती नाही, आणि त्याने तसे म्हणवूनही घेऊ नये. पण या व्रतांतून मी उचलतो आहे ती हेतूची शुद्धी नाही, सीमेची रचना आहे. त्या रचनेत चार गोष्टी आहेत. सीमा खुणेने जाहीर असते. तिचे बंधन आखणाऱ्यावर पडते. लोभ वाढला म्हणून ती ताणायची नसते. आणि दुसऱ्याच्या हाताने तिच्यातून निसटायचे नसते. हेतू संमिश्र असलेल्या माणसालाही या चार गोष्टी पाळता येतात, आणि पाळल्या आहेत की नाही हे बाहेरून तपासता येते. समाजात न्याय मागायचा तर दुसऱ्याच्या मनाची झडती घेऊन भागत नाही. दिसणाऱ्या रचनेवरच बोट ठेवावे लागते.

या रचनेच्या नेमक्या उलट टोकाला असलेली सीमा महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. ती गावकुसाची. गावकुसाने बंधन घातले ते आखणाऱ्यांवर नाही, बाहेर ठेवलेल्यांवर. त्यांची सेवा आत लागत होती, त्यांची वस्ती आत चालत नव्हती. संत चोखामेळ्यांचा अंत मंगळवेढ्याला कुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळून झाला, असे परंपरा सांगते. जे कूस त्यांना बाहेर ठेवणार होते तेच बांधण्याची वेठ त्यांच्या माथी होती. पंढरपुरातही त्यांची समाधी देवळाच्या महाद्वारासमोर आहे, आत नाही. त्या देवळाचे दार सर्वांना उघडे व्हावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. आजचा डिलिव्हरी झोन आणि गावकूस एकच, असे मी म्हणत नाही; तसे म्हणणे गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्यांच्या दुःखाची किंमत कमी करणे होईल. पण सीमा दुसऱ्यालाच बांधू लागली की ती कुठवर जाऊ शकते, हे त्या इतिहासाने दाखवले आहे, आणि नवी रेघ आखताना तो डोळ्यांआड करता येत नाही.

नकाशा अशा सीमेचे हत्यार बनू शकतो याचा पुरावा अमेरिकेत लेखी स्वरूपात आहे. 1933 साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने पुढच्या काही वर्षांत शहराशहरांचे नकाशे तयार केले आणि वस्त्यांना हिरवा, निळा, पिवळा आणि तांबडा असे प्रतवारीचे रंग दिले. तांबडा म्हणजे कर्जाला धोक्याची वस्ती. आणि तिथे कोणत्या वंशाचे लोक राहतात हेही त्या प्रतवारीत मोजले जाई. घरांच्या बाबतीत असा भेदभाव कायद्याने निषिद्ध व्हायला 1968 साल उजाडले. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, 2016 च्या एप्रिलमध्ये, ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने अ‍ॅमेझॉनच्या त्याच दिवशी घरपोच मिळणाऱ्या सेवेचे झोन तपासले. बोस्टन शहरात रॉक्सबरी हा मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीचा भाग वगळलेला होता, आणि त्याच्या चहूबाजूंच्या भागांना सेवा मिळत होती. कंपनीने सांगितले की ग्राहकांचा वंश आम्ही पाहत नाही. वार्षिक सदस्य कुठे दाटीने आहेत, गोदाम किती दूर आहे, अशा गोष्टींवरून झोन ठरतात. हे खरे मानले तरी अंतराचे कारण रॉक्सबरीला लागू पडत नाही, कारण त्या भागाच्या पलीकडच्या घरांपर्यंत गाडी जातच होती. टीका झाल्यावर काही दिवसांतच तिथे सेवा देण्याचे कंपनीने जाहीर केले. जे काही दिवसांत जमले ते आधीही जमण्यासारखे होते. रेघ अशक्यतेने आखलेली नव्हती, आणि ती कशाने आखली गेली हे कोणी विचारीपर्यंत तिचे उत्तरही कोणाला द्यावे लागले नव्हते.

यावर तिसरा आक्षेप असा की झोन माणसाने आखलाच नाही, आकडेमोडीने आखला. आकडे कोणाचा द्वेष करत नाहीत. देशव्रताच्या दोषांच्या यादीत याचे उत्तर आधीच आहे. प्रेष्यप्रयोग हा दोष का? नोकराला पाठवणाऱ्याने स्वतःचे पाऊल बाहेर टाकलेले नसते, पण हेतू आणि फळ दोन्ही त्याचेच असते. आकडेमोड हा आजचा प्रेष्य आहे. कोणते आकडे तिला द्यायचे, कशाला जास्त वजन द्यायचे, कोणता निकाल चालवून घ्यायचा, हे माणूस ठरवतो. जिथे पूर्वीपासून खरेदी कमी तिथे सेवा नको, असा नियम दिला की ज्या वस्तीला आजवर कोणी विचारले नाही तिला यापुढेही विचारले जाणार नाही, हे ठरूनच गेले. द्वेष नव्हता हे खरे असू शकते. परंतु परिणाम दिसत असताना तो तसाच राहू देणे हीदेखील कृती आहे, आणि तिची जबाबदारी आकड्यांवर ढकलता येत नाही.

चौथा आक्षेप खासगी मालकीचा आहे. दुकान माझे, गाडी माझी. मी कुठे माल द्यायचा हे मला सांगणारे तुम्ही कोण? याच्या उलट टोकाला एक तत्त्वज्ञ उभा आहे. पीटर सिंगरने पूर्व बंगालच्या निर्वासितांची उपासमार समोर ठेवून लिहिलेल्या आणि 1972 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असा युक्तिवाद केला की पीडित माणूस जवळ आहे की हजारो मैलांवर, याने आपल्या कर्तव्यात फरक पडत नाही. एका टोकाला सीमा हा मालकाचा निरंकुश हक्क, दुसऱ्या टोकाला अंतर हे कारणच नाही. मार्ग या दोहोंमध्ये आहे आणि तो वस्तूवरून ठरतो. सिंगरचा युक्तिवाद मोठ्या दुःखाच्या निवारणाबद्दल आहे. आइस्क्रीम दहा मिनिटांत मिळण्याबद्दल नाही. वस्तू जितकी जीवनावश्यक, तितका कोणालाही ‘बाहेर’ ठेवण्याचा अधिकार कमी. योगायोगाने त्याच 1972 साली, 15 ऑगस्टला, भारतात पिन कोड सुरू झाला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे लेखक श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती योजना. सहा अंकांतला पहिला अंक विभागाचा आणि शेवटचे तीन अंक टपाल पोहोचवणाऱ्या कार्यालयाचे. आठ विभाग भौगोलिक आणि नववा लष्करी टपालाचा. महाराष्ट्र आणि गोवा चारच्या विभागात येतात. या रचनेत देशातले प्रत्येक गाव कोणत्या ना कोणत्या आकड्याखाली येते. बाहेर असे कोणी उरतच नाही. जमिनीचे तुकडे करणारी सीमा आणि बेटे कापून काढणारी सीमा यांतला हा फरक आहे. औषधे, रेशन, टपाल यांच्यासाठी पहिल्या प्रकारची सीमा हवी, मग काही भागांत फेरी रोज न होता आठवड्यातून दोनदा झाली तरी चालेल. आपला आठवडी बाजार हेच करतो: दूरच्या गावाला तो रोज बोलावत नाही, पण त्याचा वार राखून ठेवतो. बाकीच्या मालासाठी व्यापाऱ्याने बेट आखावे, तो त्याचा हक्क आहे. पण सारख्या अंतरावरच्या घरांना सारखे वागवणे आणि विचारल्यास खरे कारण सांगणे यातून तो सुटत नाही. रस्ता, दिवे, पोलीस, नकाशा यांतले काहीच त्याने एकट्याने उभे केलेले नाही.

सीमेचा विचार आत-बाहेरच्या ग्राहकांपाशी थांबला तर सर्वांत महत्त्वाचा माणूस राहून जातो: जो त्या सीमेच्या आत दिवसभर फिरतो. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे 2020-21 मध्ये देशात ‘गिग’, म्हणजे कायम नोकरीविना कामागणिक पैसे घेणाऱ्या, कामगारांची संख्या अंदाजे 77 लाख होती आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाखांवर जाईल. यांत डिलिव्हरी करणारे फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी झोन म्हणजे संरक्षण असू शकतो: आठ-दहा ओळखीचे रस्ते, परतीचे अंतर कमी, कुठला कुत्रा अंगावर येतो आणि कुठल्या इमारतीची लिफ्ट बंद असते याची माहिती. तोच झोन लोभाने ताणला की भार होतो. मागणी वाढलेल्या संध्याकाळी माणसे तितकीच ठेवून हद्द दोन किलोमीटरने रुंदावली, शेवटची ऑर्डर झोनच्या टोकाला दिली आणि रिकाम्या परतीचे पैसे धरले नाहीत, तर हद्द वाढवणाऱ्याला नफा आणि पेट्रोल रायडरचे. क्षेत्रवृद्धी हा दोष का, ते इथे स्वच्छ दिसते. सेवा वाढवणे वाईट नाही. नवी माणसे, नव्या गाड्या घेऊन नवी हद्द जाहीरपणे घालता येते. जुन्याच माणसांवर जुनी हद्द गुपचूप ताणणे, हा दोष. ओझे वाहणाऱ्यांनीच हद्द ठरवली तर काय होते याचे उदाहरण मुंबईत आहे. 1890 च्या सुमारास सुरू झालेली डबेवाल्यांची व्यवस्था मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागांतल्या वारकरी माणसांनी उभी केली. डब्याच्या झाकणावरचे रंग, अक्षरे आणि आकडे हाच त्यांचा झोनचा नकाशा. गटाचा मुकादम स्वतः ओझे वाहिलेला असतो, आणि कोणता डबा किती हातांतून जायचा हे ठरवणारा माणूस ते अंतर पायांनी ओळखतो. तिथे सीमा आखणारा आणि सीमेने बांधला जाणारा एकच आहे.

आणि ग्राहक? आनयनाचा दोष त्याच्याकडे बोट दाखवतो. घरात बसून बाहेरची वस्तू मागवणारा स्वतः जागचा हलला नाही, म्हणून त्याच्या मागणीने झालेली धावपळ त्याच्या हिशेबाबाहेर जात नाही. घरी वस्तू मागवणे हे पाप नाही. म्हाताऱ्या, आजारी, तान्ह्या मुलाच्या घरांसाठी ती मोठी सोय आहे. पण मुसळधार पावसात झोनच्या काठावरून मागवलेली किरकोळ वस्तू, उशीर झाला म्हणून दिलेला एक तारा, आणि त्याच माणसाला इमारतीच्या फाटकावर थांबवून ‘मालाच्या लिफ्टने या’ असे सांगणारा सोसायटीचा फलक, या गोष्टी एका घरात सुखाने नांदत असतील तर तिथे सीमेचा भार पुरता दुसऱ्यावर टाकलेला आहे. आपल्या मागणीलाही आपण हद्द घालून घेऊ शकतो: काय आज हवे, काय उद्या चालेल, काय स्वतः जाऊन आणता येईल. एवढे देशव्रत कोणालाही जड नाही.

यातून निघणारे काम अवघड नाही. झोन आखणाऱ्याने तो नदी, पूल, रस्ता, वेळ अशा खुणांनी आखावा आणि त्या खुणा जाहीर कराव्यात. आखल्यावर वस्त्यांचा नकाशा त्यावर ठेवून पाहावे: कोण वगळले गेले, आणि त्यांच्या पलीकडचे कोणी आत आहे का. असेल तर अंतराचे कारण देता येणार नाही, हे स्वतःशी कबूल करावे. जे बाहेर राहतात त्यांच्यासाठी एखादा वार, एखादे जवळचे केंद्र, जास्तीचा वेळ, असा काही मार्ग ठेवावा. हद्द वाढवायची तर आधी माणसे वाढवावीत, आणि ज्यांना ती फिरायची आहे त्यांना नकाशासमोर बसवून विचारावे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर ती पुन्हा तपासावी, म्हणजे ठरलेली हद्द विसरण्याचा दोष लागणार नाही. आणि आकडेमोडीचा निकाल आपल्या सहीनिशी स्वीकारावा, तिच्या आड लपू नये. सीमा सगळ्यांनाच लागतात. त्यांच्याविना ना संसार चालतो ना व्यापार. पण ज्याला आपल्या झोनचे कारण बाहेर राहिलेल्या माणसाच्या आणि आत राबणाऱ्या माणसाच्या तोंडावर सांगता येत नाही, त्याने ती रेघ पुसून नव्याने आखली पाहिजे.